टोपड्याचा मागचा गोल

मामाजी,

तुम्हाला न्यायच्या दिवशी राखीव ट्रॅक्टर ठेवायचं कोणाच्याच ध्यानात आलं नाही. लाकडं भरलेला ट्रॅक्टर तळ्याच्या पाळीवर रुतून बसला आणि अर्धं सौंदड गाव दोन तास आपल्या अंगणात नुसतं उभं होतं. तुमचा लेक कोहमाऱ्याच्या चौकातल्या ओळखीच्या सगळ्या ट्रकवाल्यांना फोन लावत होता आणि एकही उचलत नव्हता. मी तुमच्या उशाशी बसून मनात म्हणत होते, उठा आता आणि तुम्हीच लावा गाडी. गावातलं एक लग्न असं गेलं नाही ज्याच्या गाड्या तुम्ही लावल्या नाहीत. पाच सांगितल्या तर सहावी उभी पाहिजे, आणि तिचा ड्रायव्हर जेवून तयार पाहिजे, हा तुमचा कायदा होता. सहावी बहुतेक वेळा उभीच राहायची. लोक हसायचे. त्या दिवशी कोणी हसलं नाही.

मी चिडलेली आहे हे आधीच सांगून टाकते. कोणावर, ते मला समजून नाही राहिलं. तुमची तेरवी झाली, पाहुणे गेले, मयूरीच्या बाळाचं बारसंही आठ दिवसांपूर्वी उरकलं. त्या बारशात जे झालं ते घरात कोणाला सांगता येत नाही. म्हणून तुम्हाला सांगते. तुम्हीच माझ्या गळ्यात बांधून गेलात ते.

मी सून होऊन या घरात आले तेव्हा मला एवढंच माहीत होतं की सासरे मिल्ट्रीत विमानाकडे होते. मी शाळेतली बाई, मला त्याचं मोठं कौतुक. शाळेतल्या पोरांना मी छाती फुगवून सांगितलं की आमचे मामाजी विमान उडवायचे. ते तुमच्या कानावर गेलं आणि तुम्ही संध्याकाळच्या चहाला माझ्याशी बोलला नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हणालात, "मी इमान उडवत नोतो. मी इमान लावत होतो. पोट्ट्यायले खोटं कायले सांगतं?" मला वाटलं, नवऱ्याकडच्या मंडळींसमोर पाणउतारा केला माझा. मीही नाकावर राग घेऊन चार दिवस घरात वावरले.

मग तुम्ही स्वतःच एकदा शाळेत आलात. पोरांना विमानाचा आवाज ऐकायचा होता, बंदूक पाहायची होती. तुम्ही म्हणालात, "शेजारच्या घरी चुलीत मिरची पडली तं ठसका कोनाले लागते?" पोरं ओरडली, "आमाले!" "बस्. मंग आपन का करतो? वास घेतो, आन सांगतो का कोनती मिरची जळली, कवा जळली, थोडी जळली का पोतंभर. हेच माहं काम होतं." पोरं खदखदून हसली. मला काही कळलं नाही. घरी येताना मी विचारलं तर तुम्ही सायकलची घंटी वाजवत पुढे निघून गेलात.

मिरची म्हणजे काय ते तुम्ही मला यंदा सांगितलं, जायच्या बारा दिवस आधी.

त्याआधी त्या जुन्या, मयूरीच्या स्वतःच्या बारशाचं बोलते, कारण आपलं खरं भांडण तिथलं. माझी मयूरी झाली, पाळण्यात घातली, बाया पाळणा म्हणायला लागल्या आणि आत्याबाईंनी पेटीतून ते पांढरं टोपडं आणून तिच्या डोक्यावर घातलं. शोभाताईंचं टोपडं. यांची धाकटी बहीण शोभा, पाच वर्षांची असताना रक्ताच्या आजारानं गेली, आणि तिचं म्हणून घरात एवढं एकच कापड उरलं होतं, आत्याबाईंनी आपल्या लेकीसाठी स्वतःच्या हातानं शिवलेलं. मयूरीला ते घातलं म्हणून मला भरून आलं होतं. तेवढ्यात तुम्ही ओटीवरून आलात, बायांच्या घोळक्यातून हात घातलात आणि माझ्या लेकीच्या डोक्यावरून ते ओढून काढलंत. ती कळवळून रडली. तुम्ही एक शब्द न बोलता परसात निघून गेलात.

मी बाळंतीण बाई, सगळ्यांच्या देखत म्हटलं, "पोरगी झाली म्हणून एवढा राग?" तुम्ही ऐकलंत. तुमची पाठ माझ्याकडे होती, पण ऐकलंत हे मला माहीत आहे, कारण तुम्ही थांबलात. मग नळाखाली हात धुतलेत, पार कोपरापर्यंत, आणि ते पाहून तर माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या लेकीला शिवलात म्हणून हात धुता? अठ्ठावीस वर्षं मी तो नळाचा आवाज विसरले नाही. तुम्हाला वेळेवर जेवण दिलं, औषध दिलं, मान दिला, पण माया दिली नाही. ती राखून ठेवली. खोटं नाही बोलत.

आणि वर तुमची ती दरवर्षीची कटकट. दिवाळीची सुट्टी लागली की पोरीला घेऊन गोंदियाला जायचं आणि तिचं रक्त तपासून आणायचं. तिला ना ताप, ना खोकला. मी म्हणायचे, "अहो मामाजी, कायले सुई टोचवता तिला?" तुम्ही म्हणायचात, "सवय हाये मिल्ट्रीची." येताना तिला बाजारातून चिवडा आणि रिबिनी आणायचात, म्हणून ती नाचत जायची. मला वाटायचं, म्हातारा चक्रम आहे. रिपोर्ट हातात आला की तुम्ही चष्मा पुसून पुसून वाचायचात, घडी घालून खिशात ठेवायचात आणि त्या दिवशी पोटभर जेवायचात. पोटभर जेवायचात हे आत्ता लिहिताना आठवलं. तेव्हा कधी जोडून पाहिलं नाही.

यंदा मयूरी बाळंतपणाला आली, तिला मुलगी झाली, आणि बाळ घरी आलं त्याच आठवड्यात तुम्ही अंथरुणाला खिळलात. दम पुरत नव्हता तुम्हाला. आत्याबाईंनी पेटी उघडली, बारशासाठी टोपडं काढलं आणि तुमच्याच खाटेच्या पायथ्याशी उन्हात घातलं. मग त्या शेजारी हळद-कुंकवाला गेल्या. तुम्ही मला हाक मारलीत आणि म्हणालात, "दार लोटून घे वं. गजूले सांगू नोको. थो मोबाईलवर पाह्यन आन घरभर बोंबलन."

मला वाटलं, शेतीच्या वाटणीचं काही असेल, म्हणून यांना सांगायचं नाही.

तुम्ही थांबत थांबत सांगितलंत. तुमच्या तरुणपणी शेजारचा देश त्याच्या वाळवंटात उघड्या हवेत अणुबॉम्ब फोडून पाहायचा. फुटला की त्याची धूळ आभाळात उंच चढायची आणि वाऱ्यासोबत आपल्याकडे सरकायची. तुमच्या खोलीतला फोन वाजायचा, "तयारी करा" एवढंच सांगायचा, आणि तुम्ही कामाला लागायचात. वाऱ्याचा नकाशा मागवायचा. कोणतं विमान धड आहे, कोणतं दुरुस्तीला आहे, ते पाहायचं. आपलं विमान धूळ गोळा करायला देणार नाही म्हणून अडून बसलेल्या साहेबाला चहा पाजून मनवायचं. दोन विमानं सांगितली असली तरी तिसरं तेल भरून उभं ठेवायचं. विमानाच्या पंखाखाली तोंड उघडं असलेलं एक नळकांडं बांधलेलं असायचं, त्यात मऊ पांढऱ्या कापडाचा गोल ताणून बसवलेला. वर हवा त्या गोलातून जायची आणि धूळ अडकायची. विमान उतरलं की ते दूर कोपऱ्यात उभं करायचं, लांब चिमट्यानं गोल काढायचे, डब्यात बंद करायचे, आणि शास्त्रज्ञ गाडी घेऊन यायचे. मग सगळ्यांनी कोपरापर्यंत हात धुवायचे.

कोपरापर्यंत म्हणालात तेव्हा मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही छताकडे पाहत होतात.

"गोल कापले का कपड्याच्या थानाचे कोपरे उरत," तुम्ही म्हणालात. "कोरे कोपरे. फेकूनच देत. आमी सारेच घरी नेऊन राहिलो होतो. असा मऊ कपडा बजारात भेटे कोठं? कोनी लंगोट शिवले, कोनी दुपटं. मी तुया सासूले आनून देल्लो. तिनं शोभीचं टोपडं शिवलं."

"मग कोऱ्या कापडानं काय बिघडलं, मामाजी?"

"एक दिवस पानी होता. घाई होती. वहीत तीन गोल लिहिले होते, डब्यात दोन निंगाले."

"मग?"

"मंग का? वरचा साहेब म्हने, आभाळात फाटून उडला असन. मी बी थेच लिहिलो." तुम्ही बराच वेळ श्वास जमवत राहिलात. "त्याच पानीकाळ्यात मी कोपऱ्यायची गठडी घरी आनली होती. गठडीत का होतं, मी सोडून पाह्यलो नाई."

मग तुम्ही बोटानं खाटेच्या पायथ्याकडे दाखवलंत. मी टोपडं उचलणार होते, तुम्ही मान हलवलीत, म्हणून नुसतं वाकून पाहिलं. मागच्या बाजूला, जिथं बाळाचं डोकं टेकतं, तिथं एक गोल तुकडा बसवलेला होता. टोपड्याला तो असतोच. सगळ्याच टोपड्यांना असतो.

शोभाताई गेल्यावर, त्यांचे कपडे पेटीत भरताना, तो तुम्हाला पहिल्यांदा दिसला. त्यानंतर कितीतरी वेळा तुम्ही तो चोरून दोरीनं मोजला म्हणालात. जवळजवळ विमानाच्या गोलाएवढाच भरतो. पण शिवणीत किती गेला ते कळत नाही. कोपऱ्यातूनही एवढा गोल निघू शकतो. मळलेला असता तर ओळखू आला असता, पण वरून आलेला गोल कधी कधी कोऱ्यासारखाच दिसायचा. आणि डॉक्टरनं तर तेव्हाच सांगितलं होतं की असा आजार कोणत्याही लेकराला होतो, कारण कोणी सांगू शकत नाही.

"मग आत्याबाईंना विचारायचं होतं ना. गोल तुम्ही कापला का आयता होता, एवढंच विचारायचं होतं."

तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत जसं मी शाळेतल्या ढ पोराकडे पाहते. "इचारलो असतो तं थे म्हनली असती, कायले इचारता? मंग मी का सांगू? तिनं आपल्या हातानं शिवलं हाये वं."

तुम्ही मग म्हणालात, हे टोपडं लेकराच्या डोक्यावर जाऊ देऊ नको, आणि जाळूही नको. जाळलं की हवेत जातं आणि हवेत गेलेलं कुठं पडेल ते सांगता येत नाही. नदीत नको, तिथं बाया कपडे धुतात. शेतात पुरू नको, धान आहे. "मंग टाकू कुठं?" मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "मले समजलं असतं तं मी टाकलो नसतो का? आन खरं सांगू का, मले टाकवलं बी नाई. पोरीचं थेवढंच हाये."

त्यानंतर बारा दिवस होतात तुम्ही. मी रोज विचार करायचे की आज जाऊन बसते आणि म्हणते, मयूरीच्या बारशाला मी जे बोलले ते चुकलं माझं. रोज काहीतरी निघायचं. बाळाचा शेक, शाळेचे पेपर, तुमचं औषध. तुम्हाला सूप पाजताना मी तुमच्या तोंडाजवळ होते, किती सोपं होतं तेव्हा म्हणणं. मी म्हटलं, "आणखी दोन चमचे घ्या जी." एवढंच म्हटलं. तुम्ही घेतलेत.

आता सांगा, मी राग कोणावर धरू? त्या दूरच्या वाळवंटात बॉम्ब फोडणाऱ्यांवर? त्यांना सौंदड कुठं आहे हे माहीत नाही. कापड घरी आणलंत म्हणून तुमच्यावर? अहो, चांगलं कापड फेकायला निघालेलं पाहून मीही आणलं असतं, आजही आणेन. वहीत उडाला असं लिहिलंत म्हणून? ते मला खुपतं. खरंच खुपतं. मी पोरांच्या हजेरीत खोटं लिहीत नाही, आणि तुम्ही मला पोट्ट्यायले खोटं सांगू नको म्हणून सुनावलं होतंत. पण त्या दिवशी वहीत तुम्ही दुसरं काय लिहायचं होतं, तेही मला सुचत नाही. आणि तो गोल खरंच आभाळात फाटून उडाला असेल तर? मग पन्नास वर्षं तुम्ही कशापायी जळलात? हे सगळं डोक्यात गरगर फिरतं आणि भाजीत मीठ दोनदा पडतं.

तुमची तेरवी झाल्यावर मी एक प्रयत्न केला. आत्याबाई उन्हात बसल्या होत्या. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आत्याबाई, टोपड्याच्या मागचा गोल इतका सारखा कसा कापला हो तुम्ही?" त्या खूश झाल्या. म्हणाल्या, "वाटी ठेवून कापली असन." मी सुटकेचा श्वास सोडला तर पुढे म्हणाल्या, "का आयताच होता गठडीत? नाई बाप्पा, आठवत नाई. वाटीच असन. पर माह्याकडं तवा तेवढी मोठी वाटी होती का?" आणि मग त्या खरोखरच आठवायला लागल्या. कपाळाला आठ्या पडल्या. मी घाबरून म्हटलं, "जाऊ द्या, काही नाही, असंच." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "काऊन वं, कायले इचारून राहिली?" तुम्ही बरोबर होतात. अगदी हेच विचारलं त्यांनी.

शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनाही मी विचारलं, दुसऱ्याच कोणाची गोष्ट आहे असं सांगून. ते म्हणाले, इतक्या वर्षांत असलं तरी बहुतेक विरून गेलं असेल मॅडम, नागपूरला कुठं मोजून मिळतं का पाहा. मग म्हणाले, "पर लेकराच्या डोक्याले कायले लावता जी? नवीन घ्या ना." मोजायला न्यायचं तर हे कोणाचं, कुठून आलं, सगळं सांगावं लागलं असतं. आणि मोजून काही निघालं असतं तर? आणि काहीच निघालं नसतं तर? दोन्हीकडून माझीच पंचाईत.

बारशाच्या दिवशी घर भरलं होतं. मयूरीच्या सासरची मंडळी बोदलकश्याकडून दोन गाड्या करून आली. पाळणा सजवला. मी बाजारातून लाल मखमलीचं नवं टोपडं आणून ठेवलं होतं, म्हटलं आधीच घालून टाकू. तेवढ्यात आत्याबाई काठी टेकत आल्या. हातात ते पांढरं, धुऊन, खळ घालून कडक केलेलं. पाळण्याशी वाकल्या आणि म्हणाल्या, "ये माही शोभी."

मी ते त्यांच्या हातातून काढून घेतलं, मामाजी. बाळाच्या केसांपासून चार बोटांवर असेल. जोरात घेतलं की काय कोण जाणे, त्यांचा तोल गेला, मयूरीच्या सासूबाईंनी त्यांना सावरलं. मी म्हटलं, "जुनं कापड आहे, टोचेल लेकराला." माझाच आवाज मला खोटा वाटला. मयूरी म्हणाली, "आई, आजीचं एवढं मन होतं आणि तू असं?" तिच्या डोळ्यात जे होतं ते मी ओळखलं. मीच कधीतरी तुमच्या पाठीकडे तसं पाहिलं होतं.

मी स्वयंपाकघरात गेले. मोरीवर नळ सोडला आणि हात धुतले, कोपरापर्यंत. बाहेर पाळणा पुन्हा सुरू झाला होता. मी तिथंच उभी राहून रडले, आणि तुम्ही गेल्यापासून मी तुमच्यासाठी रडले ती तीच पहिली वेळ.

टोपडं आता तुमच्या लोखंडी ट्रंकेत आहे, तुमच्या वर्दीच्या खाली. किल्ली माझ्याकडे आहे. आत्याबाईंना वाटतं मी ते जाळलं. वाटू दे. जाळलं नाही म्हणून सांगितलं तर त्या मागतील. मयूरी परवा सासरी गेली, निघताना पाया पडली पण बोलली नाही. तिच्या लेकीचं रक्त दरवर्षी तपासा म्हणून सांगायची गरज नाही, टोपडं तिच्या डोक्याला लागलंच नाही, एवढं तरी मला बरं वाटतं. एवढं एकच.

आत्याबाई आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. ताट पुढे ठेवलं की जेवायच्या, पण माझ्याकडे पाहायच्या नाहीत. दोनदा माझ्या ओठावर आलं होतं सगळं. एकदा तर मी "आत्याबाई, ऐका" म्हणून बसलेही होते. त्यांचे हात पाहिले. शिवणारे हात. उठले.

आज सकाळी त्या ओटीवर तांदूळ निवडत होत्या. मी दुसरं सूप घेऊन शेजारी बसले. बराच वेळ आम्ही दोघी खडे वेचत होतो. मग त्या सुपातून मान वर न काढता म्हणाल्या, "तू बी त्यायच्यासारखीच निंगाली. हातातलं घेते, आन काऊन घेतलं थे सांगत नाई."

मी म्हटलं, "हो जी." आणि त्यांच्या पुढ्यातले अर्धे तांदूळ माझ्या सुपात ओढून घेतले.